ब्रिटनमध्ये कधी रक्त चढवलं होतं? दूषित रक्ताची भरपाई मागायची कशी

आईनं उभ्या आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही आणि सत्तरीत डॉक्टर म्हणतात, लिव्हर सिरॉसिस. नातेवाईक तोंडावर काही बोलत नाहीत, पण नजरेत प्रश्न असतोच. पुढच्या तपासण्यांत हिपॅटायटिस सी निघतो. मग कधीतरी जेवताना बाबांना आठवतं: धाकट्याच्या वेळी, १९८१ साली, आपण इंग्लंडला होतो, सिझेरियन झालं होतं आणि हिला रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या.

अशी आठवण तुमच्याही घरात असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. साठ ते ऐंशीच्या दशकात एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, नोकरीला गेलेले मराठी डॉक्टर, त्यांच्या घरची माणसं, शिकायला गेलेले, तिथेच स्थायिक झालेले आणि परत आलेले असे कितीतरी लोक या प्रकरणाच्या टप्प्यात येतात. त्यातल्या अनेकांना त्याची कल्पनाच नसते.

आधी थोडक्यात प्रकरण. १९७० ते १९९१ या काळात ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतून दिलेल्या रक्तामुळे आणि रक्तघटकांमुळे ३०,००० हून अधिक लोकांना एचआयव्ही, हिपॅटायटिस सी किंवा बी झाला. सुमारे ३,००० जण त्यात गेले. यात दोन मोठे गट आहेत. एक हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या रुग्णांचा. त्यांना रक्त गोठवणाऱ्या ‘फॅक्टर एट’ या घटकाची पावडर दिली जायची. ती हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनवलेली असायची. त्यातला बराच माल अमेरिकेतून यायचा आणि तिथे पैसे घेऊन प्लाझ्मा देणाऱ्यांत तुरुंगातले कैदीही होते. एका दात्याचा विषाणू अख्ख्या साठ्यात उतरायचा. दुसरा गट बाळंतपण, ऑपरेशन किंवा अपघातात रक्त चढवलेल्यांचा. संख्येनं हाच मोठा, आणि आपल्या लोकांचा संबंध बहुतेक वेळा इथेच येतो.

माजी न्यायाधीश सर ब्रायन लँगस्टाफ यांनी केलेल्या या प्रकरणाच्या चौकशीचा अंतिम अहवाल २० मे २०२४ रोजी आला. हा अपघात नव्हता, धोका माहीत असूनही लोकांना त्यात ढकललं गेलं आणि नंतर सत्य दडवलं गेलं, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्याच दिवशी तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी संसदेत माफी मागितली. चारच दिवसांत कायदा झाला, त्यातून ‘इन्फेक्टेड ब्लड कॉम्पेन्सेशन ऑथॉरिटी’ म्हणजे आयबीसीए ही संस्था उभी राहिली आणि ऑक्टोबर २०२४च्या अर्थसंकल्पात भरपाईसाठी ११.८ अब्ज पौंड ठेवले गेले.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या योजनेत कुठल्या डॉक्टरची किंवा हॉस्पिटलची चूक सिद्ध करायची नसते. ते काम चौकशीनं केलं आहे. तुम्हाला दोनच गोष्टी दाखवायच्या आहेत: ब्रिटनमध्ये अमुक काळात रक्त किंवा रक्तघटक दिले गेले, आणि संसर्ग त्यातूनच झाला असण्याची शक्यता इतर शक्यतांपेक्षा जास्त आहे. फौजदारी खटल्यासारखा ‘संशयातीत’ पुरावा इथे लागत नाही. पारडं थोडं जरी तुमच्या बाजूला झुकलं तरी चालतं.

आपण यात बसतो का

उपचार ब्रिटनच्या एनएचएसमध्ये किंवा ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय सेवेत झालेला हवा. तुमचं नागरिकत्व कुठलं आणि आज तुम्ही राहता कुठे, याला महत्त्व नाही. पुण्यात बसून भारतीय पासपोर्टवर अर्ज करता येतो. आयर्लंड प्रजासत्ताकाचा मामला मात्र वेगळा. त्या देशाची स्वतःची भरपाई व्यवस्था आहे. डब्लिनला उपचार झाले असतील तर तिकडे जा, बेलफास्टला झाले असतील तर इकडे.

तारखा विषाणूप्रमाणे बदलतात आणि त्या रक्ताची तपासणी कधी सुरू झाली त्यावरून ठरल्या आहेत. हिपॅटायटिस सीसाठी सप्टेंबर १९९१च्या आधीचा उपचार, एचआयव्हीसाठी नोव्हेंबर १९८५च्या आधीचा, हिपॅटायटिस बीसाठी डिसेंबर १९७२च्या आधीचा. त्यानंतर रक्त मिळालं असेल तर दार बंद नाही, पण पुरावा जास्त भक्कम लागतो.

ज्यांना थेट रक्त मिळालं नाही पण अशा रुग्णाकडून संसर्ग झाला, म्हणजे जोडीदार किंवा जन्माच्या वेळी आईकडून बाळाला, तेही स्वतः ‘बाधित’ धरले जातात. पूर्ण बरे झालेलेही यात येतात. गोळ्यांच्या कोर्सनं विषाणू गेला म्हणून हक्क जात नाही.

पहिलं काम: तपासणी

रक्त चढवल्याची आठवण आहे पण कधी तपासलंच नाही, असे लोक बरेच असतात. हिपॅटायटिस सी वीस-तीस वर्षं काही न बोलता यकृतात बसून राहतो. थकवा येतो, तो वयाच्या नावावर जातो. म्हणून भरपाईचा विचार बाजूला ठेवूनही ही तपासणी करा.

आधी अँटिबॉडी टेस्ट होते. ती पॉझिटिव्ह आली तर आरएनए टेस्ट, म्हणजे व्हायरल लोड. पहिली पॉझिटिव्ह आणि दुसरी निगेटिव्ह असेल तर शरीरानं स्वतःच विषाणू हाकलला किंवा आधी उपचार झाले आहेत. हे दोन्ही रिपोर्ट जपून ठेवा, कारण रकमेचा गट त्यांवरून ठरतो. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना एनएचएसकडून घरी करायची चाचणी मोफत मागवता येते. भारतात २०१८पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत आहेत. बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण गुण येतो. सिरॉसिस झाला असेल तर विषाणू गेल्यावरही सहा-सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका, कॅन्सरचा धोका राहतो.

यकृताची अवस्था लिहून घ्या. फायब्रोस्कॅनचा (यकृत किती कडक झालं ते मोजणाऱ्या तपासणीचा) आकडा, सोनोग्राफी, लिव्हर स्पेशालिस्टचं पत्र. ‘क्रॉनिक हिपॅटायटिस’, ‘सिरॉसिस’ की ‘डीकॉम्पेन्सेटेड सिरॉसिस’ (यकृत निकामी होऊ लागलेला सिरॉसिस) हा शब्द त्या पत्रात स्पष्ट असू द्या. भारतात फाइलवर नुसतं ‘सीएलडी’ (क्रॉनिक लिव्हर डिसीज) लिहून मोकळं होण्याची सवय आहे. डॉक्टरांना नम्रपणे सांगून पूर्ण लिहून घ्या.

दुसरं आणि सगळ्यात चिवट काम: कागद

इथे बहुतेक लोक हात टेकतात. चाळीस वर्षांपूर्वीचं हॉस्पिटल, ते बंद झालेलं किंवा दुसऱ्यात विलीन झालेलं, आणि उत्तर येतं, ‘रेकॉर्ड नष्ट केलं.’ बहुतेक वेळा ते खरं असतं. हॉस्पिटलचे साधारण कागद आठेक वर्षांनी आणि बाळंतपणाचे पंचवीस वर्षांनी काढून टाकायची पद्धत आहे. तरी अर्ज कराच, कारण ‘नष्ट केलं’ असं लेखी पत्रही तुमच्या फाइलमधला एक कागद असतो. तुम्ही शोध घेतला होता हे त्यावरून दिसतं.

मागायचं कसं? हॉस्पिटल आज ज्या एनएचएस ट्रस्टकडे (हॉस्पिटलं चालवणाऱ्या सरकारी संस्थेकडे) आहे त्यांना ‘सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट’, म्हणजे स्वतःची माहिती मागण्याचा अर्ज, पाठवायची. ती मोफत असते आणि एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. फक्त ‘मेडिकल रेकॉर्ड’ असं मोघम मागू नका. प्रसूती विभागाची नोंदवही, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर, रक्तपेढीच्या नोंदी, मायक्रोफिल्म, हे एकेक नाव घेऊन मागा. केस पेपर गेले तरी रजिस्टर कधीकधी उरतं. जुन्या हॉस्पिटलांच्या वह्या काही ठिकाणी काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) अभिलेखागारात जमा आहेत. तिथेही एक ईमेल टाका.

हॉस्पिटलपेक्षा जीपीची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची, फाइल जास्त टिकते. तिच्यात हॉस्पिटलनं जीपीला पाठवलेलं डिस्चार्जचं पत्र असू शकतं आणि त्यात ‘दोन युनिट रक्त दिलं’ असं एक वाक्य सापडलं तरी अर्धं काम झालं. देश सोडून गेलेल्यांच्या इंग्लंडमधल्या जुन्या फाइलींसाठी ‘प्रायमरी केअर सपोर्ट इंग्लंड’ या एनएचएसच्या कार्यालयाकडे विचारायचं. हिमोफिलियाच्या रुग्णांचं थोडं सोपं आहे. त्यांच्या नोंदी हिमोफिलिया केंद्रांच्या राष्ट्रीय डेटाबेसमध्ये असतात, कोणत्या वर्षी कुठलं औषध दिलं इथपर्यंत.

आता आपला खास घोटाळा: नावं. माहेरची कुसुम जोशी लग्नात सुनंदा झाली, आडनाव कुलकर्णी, मधलं नाव नवऱ्याचं. ब्रिटिश क्लार्कनं ते ऐकून त्याच्या मनानं स्पेलिंग केलं. कुठे नवऱ्याचं नावच आडनाव म्हणून पडलं. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर वेगळी, पासपोर्टवर वेगळी. म्हणून अर्जाआधी एका कागदावर सगळी नावं, सगळी स्पेलिंगं, सगळ्या जन्मतारखा आणि तिकडचे सगळे पत्ते लिहून काढा. मागणीच्या प्रत्येक पत्राला तो कागद जोडा. सोबत विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलाचं गॅझेट. तेही नसेल तर प्रतिज्ञापत्र.

बाळंतपणातलं रक्त असेल तर एक हुकमी कागद आहे आणि तो अजूनही मिळतो: तिथे जन्मलेल्या मुलाचा पूर्ण जन्मदाखला. छोटा नको, पूर्ण. त्यावर जन्माचं ठिकाण म्हणजे हॉस्पिटलचं नाव, आईचं नाव आणि माहेरचं आडनाव असतं. इंग्लंड-वेल्सचा दाखला जनरल रजिस्टर ऑफिसकडून थोड्या शुल्कात कुठूनही मागवता येतो. त्यावर रक्ताचा उल्लेख नसतो, पण त्या तारखेला ती बाई त्या हॉस्पिटलमध्ये होती हे कुणी नाकारू शकत नाही.

मग माळ्यावरची ट्रंक उघडा. मी हे गमतीनं म्हणत नाही. त्या काळी फोन परवडायचा नाही, सगळा संसार निळ्या एरोग्रामवर चालायचा. ‘फार रक्तस्राव झाला, रक्त द्यावं लागलं, आता बरी आहे, काळजी नसावी’ असं १९८१चं, पोस्टाचा शिक्का असलेलं पत्र आजीच्या सामानात सापडलं तर कुठल्याही आजच्या निवेदनापेक्षा त्याचं वजन जास्त आहे. शिक्क्यासकट दोन्ही बाजू स्कॅन करा, इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घ्या, मूळ पत्र पोस्टानं पाठवू नका. पोटावरच्या जुन्या व्रणाची आजच्या डॉक्टरांनी केलेली नोंदसुद्धा कामाला येते.

शेवटी साक्षीदार. तेव्हा शेजारी राहणाऱ्या काकू, मदतीला गेलेली मावशी, स्वतः नवरा. प्रत्येकानं स्वतःला जे आठवतं तेच, आपल्या शब्दांत लिहावं. पाच जणांची पाच निवेदनं शब्दशः सारखी निघाली तर उलटा परिणाम होतो.

एक अडचणीचा प्रश्न येणार, त्याला आधीच तयार राहा: संसर्ग भारतातच झाला नसेल कशावरून? भारतात हिपॅटायटिस सीसाठी रक्ताची तपासणी या शतकाच्या सुरुवातीला बंधनकारक झाली आणि काचेच्या सिरिंजा उकळून वापरायचा जमाना आपण सगळ्यांनी पाहिला आहे. इथे लपवालपवी करू नका. भारतात ऑपरेशन झालं असेल तर सांगा, पण रक्त चढवलं नव्हतं असा इथला डिस्चार्ज पेपर असेल तर तोही जोडा. जुना हिपॅटायटिस आणि सिरॉसिस यांवरून संसर्ग किती वर्षांचा असावा यावर लिव्हरच्या डॉक्टरांचं मत घेता येतं.

तिसरं: नोंदणी आणि दावा

आयबीसीएच्या वेबसाइटवर, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या अधिकृत संकेतस्थळाच्या छत्राखाली, दावा करायचा इरादा नोंदवता येतो. सगळे कागद हातात येईपर्यंत थांबू नका. नाव आधी नोंदवा, शोध मागून चालू राहू द्या. दावे टप्प्याटप्प्यानं घेतले जातात. हयात रुग्णांना आधी प्राधान्य आहे आणि त्यातही ज्यांच्या हातात थोडेच महिने आहेत त्यांना सगळ्यांत आधी. तशी परिस्थिती असेल तर संकोच न करता डॉक्टरांचं पत्र जोडून पहिल्याच दिवशी कळवा.

आधीपासून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स किंवा उत्तर आयर्लंडच्या आर्थिक साहाय्य योजनेत नाव असेल किंवा पूर्वी हिपॅटायटिस सीच्या रुग्णांसाठीच्या ‘स्किप्टन फंड’ या सरकारी निधीनं दावा मान्य केला असेल तर ते आवर्जून सांगा. संसर्गाची बाब तिथे तपासून झालेली असते.

नंबर आला की एक ‘क्लेम मॅनेजर’ नेमला जातो आणि पुढे तोच माणूस तुमच्याशी बोलतो. ओळख पटवणं, संसर्गाची खात्री, आजार कधी कितपत वाढला याच्या तारखा, मग रकमेचा लेखी प्रस्ताव, असा क्रम. आई-बाबांना इंग्रजी फोन झेपत नसेल तर त्यांच्या वतीनं मुलगी बोलेल हे सुरुवातीलाच नोंदवून घ्या.

वकिलाचा आणि आर्थिक सल्ल्याचा खर्च आयबीसीए उचलते. त्यामुळे ‘मिळाले तर दहा टक्के द्या’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. दावा करायला फी नाही. प्रोसेसिंगचे पैसे कुणी मागितले तर ती फसवणूक आहे.

किती मिळतं

रक्कम पाच भागांतून बनते: शारीरिक-मानसिक इजा, सामाजिक झळ (लोकांनी टाकलं, लग्न मोडलं, लपून राहावं लागलं), न विचारता न सांगता केलेल्या उपचारांनी हिरावलेला निर्णयाचा हक्क, शुश्रूषेचा खर्च, आणि बुडालेली कमाई. मुख्य मार्गात हे सगळं ठरावीक कोष्टकानं निघतं, म्हणून १९८५ची पगाराची स्लिप शोधत बसायची गरज नाही. ज्यांची कमाई किंवा खर्च कोष्टकाबाहेरचा आहे त्यांच्यासाठी पुरवणी मार्ग आहे. तिथे मात्र कागद लागतात. लहानपणी नकळत संशोधनात वापरलं गेलेल्यांना वेगळी वाढीव रक्कम आहे.

योजना जाहीर करताना सरकारनं दिलेले अंदाज असे: एचआयव्ही असलेल्या हयात व्यक्तीला सुमारे २२ ते २६ लाख पौंड, सहा महिन्यांहून जास्त टिकलेल्या हिपॅटायटिस सीला सुमारे ६.६५ ते ८.१० लाख पौंड, आणि विषाणू सहा महिन्यांत आपोआप गेला असेल तर ३५,००० पौंड. तुमचा आकडा आजाराच्या टप्प्यावर आणि वयावर ठरेल. आधी मिळालेली अंतरिम भरपाई यातून वजा होते.

पैसे एकरकमी घेता येतात किंवा ५, १० अथवा २५ वर्षांत हप्त्यांनी. ब्रिटनमध्ये यावर प्राप्तिकर, भांडवली नफ्यावरचा कर आणि वारसा कर नाही आणि तिथल्या सरकारी भत्त्यांवरही परिणाम होत नाही. भारतात राहत असाल तर तिथली करमाफी इथे आपोआप लागू होईल असं धरून चालू नका. प्रस्ताव स्वीकारण्याआधी, पैसे खात्यात येण्याआधी, चार्टर्ड अकाउंटंटला भेटा.

घरातल्या इतरांचा दावा

हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. रुग्णाच्या दाव्याखेरीज घरच्यांचा स्वतःचा वेगळा हक्क आहे: किमान वर्षभर एकत्र राहिलेला जोडीदार, आईवडील, मुलं, लहानपणी किमान दोन वर्षं एका घरात राहिलेली भावंडं, आणि आठवड्याला निदान साडेसोळा तास याप्रमाणे सहा महिने बिनपगारी शुश्रूषा करणारी व्यक्ती. शेवटच्या गटात सून किंवा भाचीही बसू शकते. आपल्याकडे आजारपण नेमकं तिच्याच अंगावर पडलेलं असतं आणि कागदावर तिचं नाव कुठेच नसतं. ती किती वर्षं, काय काय करत होती हे डॉक्टरांच्या पत्रात, शेजाऱ्यांच्या निवेदनात येऊ द्या.

रुग्ण हयात नसेल तर दावा त्याच्या मालमत्तेच्या, म्हणजे ‘इस्टेट’च्या नावानं होतो आणि पैसे मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे वाटले जातात. तलाठ्याच्या वारस नोंदीवर किंवा नोटरीच्या कागदावर हे काम होईल अशा भरवशावर राहू नका. ‘ग्रँट ऑफ रिप्रेझेंटेशन’, म्हणजे इस्टेटचा कारभार पाहण्याचा अधिकारपत्र, लागतं आणि मृत्यू भारतात झाला असेल तर ते कसं मिळवायचं हे ब्रिटनमधल्या सॉलिसिटरलाच (वकिलालाच) विचारा. मुलगी इस्टेटमधला वाटा आणि स्वतःचा दावा, दोन्ही घेऊ शकते. एकामुळे दुसरं बुडत नाही. भावाबहिणींनी अर्ज करण्याआधीच एकत्र बसून इस्टेटचा प्रतिनिधी कोण ते ठरवावं. रक्कम आल्यावर हे ठरवायला बसलेली घरं आपण पाहिली आहेत.

नकार आला तर

पत्र नीट वाचा. ‘पात्र नाही’ आणि ‘दिलेल्या माहितीवर पात्र ठरवता येत नाही’ यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात नवा कागद उत्तर बदलू शकतो. आधी आयबीसीएकडेच फेरविचार मागायचा, तिथेही पटलं नाही तर फर्स्ट-टियर ट्रायब्युनल या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील. पत्रात दिलेली मुदत कॅलेंडरवर लाल शाईनं लिहा. हिपॅटायटिस सी ट्रस्ट आणि हिमोफिलिया सोसायटी या ब्रिटनमधल्या जुन्या संस्था अशा वेळी वाट दाखवतात.

भारतात रक्तातून संसर्ग झालेल्यांसाठी अशी योजना नाही. त्यांना ग्राहक आयोग किंवा न्यायालय गाठावं लागतं. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लष्करी रुग्णालयातल्या रक्तातून एचआयव्ही झालेल्या हवाई दलाच्या माजी जवानाला दीड कोटी रुपयांहून अधिक भरपाई दिली. रक्त २००२ साली चढवलं होतं, निकाल एकवीस वर्षांनी आला.

ब्रिटनच्या योजनेत दावा करायची अखेरची तारीख ३१ मार्च २०३१ आहे. आजाराचं निदान उशिरा झालं असेल तर बाधित व्यक्तीला निदानापासून सहा वर्षं मिळतात. जन्मदाखल्याचा अर्ज मात्र आज रात्रीच भरून टाका.